शिकारी जातीचे कुत्रे आणि आपले घर

बाजारात बैल घ्यायला गेलेला माणूस काय काय पाहतो, हे तुम्हांला सांगायला नको. दात बघतो, खूर बघतो, पाठीवरून हात फिरवतो, चार पावले चालवून बघतो. बैल मारका आहे का, खांदा नीट धरतो का, कोणाच्या गोठ्यातला आहे आणि धन्याने तो विकायला का काढला, याची चार ठिकाणी चौकशी करतो. आणि हाच माणूस कुत्र्याचे पिल्लू घेताना काय पाहतो? डोळे. "काय गोड बघतंय हो!" झाले. पिल्लू पिशवीत, पिशवी मोटारसायकलला आणि मोटारसायकल घराकडे. वास्तविक कुत्रा दहा-बारा वर्षे आपल्या दारात राहायचा असतो. बैल निदान लेकरांच्या वाकळेवर झोपायला येत नाही, कुत्रा येतो.

म्हणून आज जरा कुत्र्याची पारख करू. तीही एका विशिष्ट कुत्र्याची. हल्ली मागणी ऐकू येते ती अशी: कुत्रा शिकारी जातीचा हवा, पाखरांच्या शिकारीचा असला तर फारच छान, पण घरभर केस पाडणारा नको, आणि लहान मुलांत मिसळणारा हवा. एका वाक्यात तीन मागण्या आहेत आणि तिन्ही एकाच जनावराकडून पुऱ्या करून घ्यायच्या आहेत. त्या होतात का, आणि आपल्या बीड जिल्ह्याच्या हवेत, आपल्या घरांच्या रीतीत होतात का, हे पाहायचे.

आधी पाखरांच्या शिकारीचा कुत्रा म्हणजे काय ते समजून घेऊ. आपल्याकडे शिकारी कुत्रा म्हटले की ससा धरणारा, वाऱ्यासारखा पळणारा कुत्रा डोळ्यांपुढे येतो. तो नजरेवर शिकार करतो. पाखरांचा कुत्रा वेगळा. तो चालतो नाकावर, आणि पाखरू धरणे हे त्याचे कामच नव्हे. पाखरू मारायचे काम बंदूकवाल्याचे. कुत्र्याने त्याला मदत करायची. या मदतीचे तीन प्रकार. काही कुत्रे वास लागला की जागच्या जागी दगडासारखे उभे राहतात, नाक पाखराच्या दिशेला, एक पाय उचललेला. हे पॉइंटर आणि सेटर. काही कुत्रे झुडपात घुसून पाखरू उडवून देतात, ते स्पॅनिएल. आणि काही, पडलेले पाखरू तोंडात अलगद धरून धन्याकडे आणून देतात, ते रिट्रीव्हर. आज ज्याच्या त्याच्या तोंडी नाव असलेला लॅब्रॅडॉर यांपैकीच. तोंडातले अंडे न फुटता आणील, इतके मऊ तोंड असावे अशी त्याच्याकडून अपेक्षा असते. मुलांमध्ये हे कुत्रे बरे, असे म्हणतात त्याचे मूळ इथे आहे. माणसाच्या हुकमाकडे कान ठेवून काम करणे आणि दाताचा जोर न लावणे, या दोन गोष्टी त्यांच्यांत पिढ्यान्‌पिढ्या निवडून आणलेल्या आहेत.

हे सगळे प्रकार युरोपात घडले. हिंदुस्थानात ते साहेबांच्या बंदुकीबरोबर आले. आपल्या मुलखातल्या फासेपारध्यांना तित्तर-लाव्हे पकडायला असल्या कुत्र्याची कधी गरज पडली नाही. पाळलेला तित्तर पिंजऱ्यात ठेवायचा, तो ओरडला की रानातला तित्तर भांडायला येतो आणि भोवती मांडलेल्या फाशात अडकतो. केवढे निरीक्षण आहे हे! गुरुजींनी वर्गात सांगावे असे.

पण मंडळी, ती बंदूक आणि तो फासा, दोन्हींचे दिवस गेले. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्यात लहानसहान शिकारीला परवान्याची जी वाट ठेवली होती, तीही १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. आज तित्तर, लाव्हा, ससा, काळवीट, मोर यांपैकी कोणाचीही शिकार करणे हा गुन्हा आहे. आणि इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण ती पुष्कळांना ठाऊक नसते. कायद्याच्या व्याख्येत शिकार म्हणजे केवळ मारणे नव्हे. पकडणे, फासा लावणे, हाकारणे, कुत्रे सोडून पाठलाग करणे आणि यांचा नुसता प्रयत्न करणे, हे सगळे शिकारीतच मोडते. "मी काही मारलं नाही साहेब, कुत्रंच पळालं" हे उत्तर मुद्दाम कुत्रा सोडणाऱ्याच्या उपयोगी पडायचे नाही. मोर किंवा काळवीट असेल तर तीन ते सात वर्षांची कैद आहे. मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी. आपल्याच जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, नायगावचे मयूर अभयारण्य १९९४ साली जाहीर झाले. त्या भागातल्या शेतकऱ्याने शिकारी जातीचा कुत्रा मोकळा सोडला, तर तो कुठे जाईल हे त्याने आधीच मनाशी धरावे.

एक सूचना नेहमी पुढे येते, तिचेही इथेच सांगतो. ज्वारी हुरड्यात आली की पाखरे हाकायला असला कुत्रा बरा नाही का? नाही. कुत्रा पाखरांच्या मागे ताटे मोडत धावेल, आणि पाखरांनी खाल्ले असते त्यापेक्षा जास्त नासाडी स्वतःच करील. शिवाय तित्तर आपल्या शेतात वाळवी आणि किडे वेचतो, तो आपला मित्र आहे. माळ्यावर बसून गोफण फिरवा, डबा वाजवा, ते बरे.

मग पाखरांच्या कुत्र्याचे आता काय करायचे? त्याचे नाक आणि त्याची हौस, या दोन गोष्टी उरतात, आणि त्या खेळात वापरता येतात. गोणपाटाची एक बाहुली शिवावी, ती ज्वारीच्या धसकटांत लपवावी आणि कुत्र्याला शोधायला लावावे. रोज अर्धा तास हा खेळ झाला तर असला कुत्रा घरात शहाण्यासारखा वागतो. नाही झाला, तर चपला कुरतडतो, अंगण उकरतो, कोंबड्यांच्या मागे लागतो. कामाच्या जनावराला काम नसले की ते स्वतः काम शोधते. बिनकामाच्या बैलापेक्षा बिनकामाचा शिकारी कुत्रा जास्त उपद्व्यापी.

आता केसांकडे वळू.

केस कोणत्या कुत्र्याचे गळत नाहीत? खरे सांगायचे तर, केस असलेल्या प्रत्येक कुत्र्याचे थोडेफार गळतातच. प्रत्येक केस काही दिवस वाढतो, काही दिवस नुसता उभा राहतो आणि मग गळून पडतो. त्या जागी दुसरा येतो. लॅब्रॅडॉरसारख्या कुत्र्यांना दुहेरी अंगरखा असतो: वर राठ केस आणि खाली मऊ दाट लोकर. वर्षातून एक-दोनदा ती खालची लोकर पुंजक्यांनी सुटते. तेव्हा घर झाडावे तितके थोडे. पूडल म्हणून जो कुरळ्या केसांचा कुत्रा आहे, त्याची गोष्ट उलटी. त्याचा केस फार काळ वाढतच राहतो, म्हणून गळतो कमी, आणि जो गळतो तो कुरळ्यात अडकून राहतो. चित्रांत पाहून पुष्कळ लोक पूडलला बायकांच्या मांडीवरचे खेळणे समजतात. पण मूळचा तो पाणपाखरांच्या शिकारीचा कुत्रा आहे, आणि त्याचे नावही जर्मन भाषेतल्या पाण्यात डुबकण्याच्या शब्दावरून आले. म्हणजे पाखरांच्या शिकारीचा आणि केस न पाडणारा, या दोन्ही अटी तो पुऱ्या करतो. मोठ्या जातीचा पूडल हुशार असतो, मुलांतही रमतो. त्याच वळणाचे आणखी काही आहेत: इटलीतला लागोत्तो, जो एके काळी दलदलीतली बदके आणून द्यायचा आणि आता जमिनीखालच्या कंदासारख्या महागड्या अळंब्या हुंगून काढतो, किंवा राठ केसांचा ग्रिफॉन, जो एका डच माणसाने एकोणिसाव्या शतकात निवडून निवडून सिद्ध केला. पण हे दोन आपल्याकडे कुठे मिळायचे? पूडल मिळतो.

मिळतो म्हणून घ्यावा का? आता आपण बीडला परत येऊ.

मेंढीची लोकर वाढतच राहते, म्हणून धनगर ती कातरतो. शेळीला कातरावे लागत नाही. पूडल हा कुत्र्यांतली मेंढी समजा. महिना-दीड महिन्याला त्याचे केस कापावेच लागतात आणि एक दिवसाआड विंचरावे लागतात. नाही विंचरले तर जटा होतात, जटांखाली कातडी ओली राहते, तिथे खरूज आणि जखमा होतात. गळणारा केस तुम्ही केरसुणीने काढता. न गळणारा केस कातरीने काढावा लागतो. कष्ट चुकत नाहीत, फक्त हत्यार बदलते. आता आपल्या माळरानावरचे गवत आठवा. पावसाळा सरला की कुसळ पिकते. आपल्याच धोतराला, लुगड्याला किती चिकटते ते ठाऊक आहे. हे कुसळ, आघाड्याचे बी आणि गोखरू लांब केसांत शिरले की बाहेर निघत नाही. कुसळाचे टोक पुढेच सरकते. बोटांच्या बेचक्यातून मांसात जाते, कानात गेले तर कुत्रा डोके वाकडे करून ओरडत फिरतो. आणि गोचीड! दाट केसांत गोचीड दिसत नाही, हाताला लागते तेव्हा फुगलेली असते. गोचीड नुसती रक्त पीत नाही, तिच्यापासून कुत्र्याला ताप येतो आणि वेळेवर औषध झाले नाही तर कुत्रा दगावतो.

वर आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर चढतो आणि आठवडेच्या आठवडे उतरत नाही. माणसाला घाम येऊन गारवा मिळतो. कुत्र्याला पंजांशिवाय घाम नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे एवढाच त्याचा पंखा. ज्याच्या अंगावर दाट लोकर आहे, किंवा ज्याचे नाक चपटे असून श्वासच नीट जात नाही, असा कुत्रा पत्र्याच्या घरात दुपारी तडफडतो. थंड पाण्याच्या मुलखात बदके आणण्यासाठी घडवलेला लॅब्रॅडॉर दुपारच्या उन्हात दाराला बांधून ठेवणे, याला हौस म्हणत नाहीत. तेव्हा माझे मत सरळ आहे. बीड, अंबाजोगाई, परळीसारख्या गावात पक्के घर आहे, पंखा-कूलर आहे, केस कापायची तयारी आणि ऐपत आहे, तर पूडल जरूर विचारात घ्या. वस्तीवर, मळ्यात, पत्र्याखाली राहणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

केसांचा विषय सोडण्याआधी दम्याचे बोलले पाहिजे. "केस न पाडणारा कुत्रा घेतला म्हणजे दमेकरी मुलाला त्रास होत नाही" हे विकणारे छातीठोकपणे सांगतात. त्यावर भरवसा ठेवू नका. शिंका, धाप, डोळ्यांची खाज हा त्रास केसामुळे होतच नाही. तो होतो कुत्र्याची लाळ, मूत्र आणि कातडीचा कोंडा यांतल्या एका सूक्ष्म द्रव्यामुळे, आणि ते प्रत्येक कुत्र्यात असते. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात घरांतल्या धुळीची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. केस न गळणारे म्हणून घेतलेल्या कुत्र्यांच्या घरांत हे द्रव्य कमी आढळले नाही. पुढच्याच वर्षी हॉलंडमधल्या संशोधकांना तर अशा कुत्र्यांच्या केसांत ते उलट जास्त मिळाले. तेव्हा घरात दमेकरी मूल असेल, तर जातीच्या नावावर विसंबू नये. ज्याच्याकडून पिल्लू घ्यायचे, त्याच्या घरी मुलाला दोन-चार वेळा तास-दोन तास बसवून आणावे, काय होते ते पाहावे आणि डॉक्टरांना विचारावे. आधी आणायचा आणि मूल धापा टाकू लागले की कुत्रा दूर फाट्यावर सोडून यायचा, असे घडते. त्यात मुलाचे हाल, कुत्र्याचे हाल, आणि ज्या गावाच्या फाट्यावर तो सोडला त्या गावाचेही हाल.

केस किती गळतात हे पाहायची एक घरगुती परीक्षा सांगतो. शिक्षकांनी शाळेतही करावी. काळी घोंगडी पसरा, तिच्यावर कुत्रा उभा करा आणि कंगव्याने किंवा ओल्या हाताने पाठीवरून वीस वेळा फिरवा. मग घोंगडी पाहा. अर्थात घोंगडीचे स्वतःचे केस वेगळे ओळखा, नाही तर सगळेच कुत्रे नापास व्हायचे! पिल्लापेक्षा त्याच्या आईवर ही परीक्षा करावी. पिल्लाचा अंगरखा पुढे बदलतो. आईवरून पुढचा अंदाज येतो.

या परीक्षेत चांगल्या गुणांनी पास होणारा कुत्रा आपल्याच मुलखात आहे आणि आपण साऱ्या जगात धुंडाळतो आहोत. तो म्हणजे कारवानी. लांब निमुळते तोंड, खोल छाती, पाठीला चिकटलेले पोट, काठीसारखे पाय. अंगावर आखूड, गुळगुळीत, कातडीसरशी बसलेले केस; दाट लोकर नाहीच म्हणा ना. गळतात ते थोडे, आणि ओल्या फडक्याने पुसले की संपले. (सतरंजीत मात्र बारीक काट्यांसारखे रुततात, हेही खरे.) गोचीड लांबून दिसते, कुसळ टिकत नाही, ऊन सोसते. कारवान म्हणजे तांडा. वायव्येकडून येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या आणि फौजांच्या तांड्यांबरोबर हे कुत्रे दख्खनमध्ये आले, असे सांगतात. कान-शेपटीवर रेशमासारखे लांब केस असलेल्या त्याच्या भावंडाला पश्मी म्हणतात. पश्मी दिसतो देखणा, पण केसांचे काम वाढवतो. याच मुशीतला कुत्रा कृष्णेपलीकडे मुधोळ हाउंड या नावाने प्रसिद्ध आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली. २००५ साली भारतीय टपाल खात्याने तिचे तिकीट काढले. २०१६ साली लष्कराने मीरतच्या आपल्या केंद्रात या जातीचे कुत्रे शिकवायला नेले. आज कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात मुधोळजवळ तिम्मापूर येथे त्यांचे सरकारी संशोधन केंद्र आहे. आपल्या बाजूला, नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते. तिथे घोडे आणि गाढवांबरोबर कुत्र्यांचेही प्रदर्शन असते. कुत्रे पाहायला आणि पाळणाऱ्यांशी बोलायला यापरती जागा नाही. खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतोच, तेव्हा देवदर्शनही होते.

पण पारख म्हणजे गुणांबरोबर खोड्याही पाहणे. कारवानी पाखरांचा कुत्रा नव्हे, तो नजरेचा कुत्रा आहे. दूरवर काही पळताना दिसले की त्याचे कान बंद होतात. तुम्ही कितीही हाका मारा. ते पळणारे ससा असेल तर कायद्याचा प्रश्न, शेजाऱ्याचे करडू असेल तर भांडणाचा, आणि रस्त्यापलीकडे असेल तर ट्रकखाली जाण्याचा. म्हणून कुंपण नसलेल्या मळ्यात त्याला दोरीशिवाय सोडू नये. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. घरातल्या मुलांशी मायेने राहतो, मात्र मुलांनी शेपूट ओढणे, अंगावर बसणे, खाताना ताटली हलवणे या गोष्टी करू नयेत, हे आधी मुलांना शिकवले पाहिजे. आणि त्याला दिवसभर साखळीने बांधून ठेवला तर तो चिडखोर होतो. सकाळ-संध्याकाळ मैल-दीड मैल चालवणारा माणूस घरात नसेल, तर कारवानीची हौस करू नये.

असा माणूस नसलेल्या घराने काय करावे? गावरान कुत्रा पाळावा. त्यालाही आखूड केस, त्यालाही ऊन सोसते, कशाचेही वाकडे नाही, आणि भाकरी-ताकावर राहतो. जोडीला अधूनमधून अंडे द्यावे. ज्याला जातीचे कौतुक आहे त्याला हे पटणार नाही. पण लहान मुले, म्हातारी माणसे, दोन शेरडे आणि चार कोंबड्या असलेल्या घराला शोभेल असा, शिकारीचे वेड नसलेला कुत्रा हवा असेल, तर गावातल्या एखाद्या शांत कुत्रीचे पिल्लू पैसे देऊन आणलेल्या पिल्लाहून सरस ठरते. माझा कौल बहुतेक घरांसाठी इकडेच आहे.

आता या सगळ्याहून मोठा प्रश्न, आणि तो बीड जिल्ह्याचा खास आहे. दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातली लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. परततात ती मार्च-एप्रिलमध्ये. त्या पाच-सहा महिन्यांत कुत्र्याचे काय? पावसाळ्यात हौसेने आणलेले पिल्लू दिवाळीला चार-पाच महिन्यांचे, म्हणजे नेमके दांडगाईच्या वयाचे असते. घरी आजी आणि तिच्या ओढणीला असलेली दोन नातवंडे. शिकारी जातीचा तरणा कुत्रा आजीच्या हाताला आवरणार आहे का? दोरी हिसडली तर तीच पडेल. ज्या घरातली कर्ती माणसे तोडीला जातात, त्या घराने पिल्लू आणायचेच असेल तर गाडी परत आल्यावर, उन्हाळ्यात आणावे. मोठ्या जातीचे आणू नये. आणि आजीला विचारून आणावे.

काही जण कुत्रा बरोबर नेतात. त्यांनी फार सावध असावे. उसाच्या फडांत बिबटे राहतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास झाला, त्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. म्हणजे कोपीबाहेर खुंटीला बांधलेला कुत्रा राखण करीत नाही, तो बिबट्याला आमंत्रण देतो, आणि कोपीत लेकरे झोपलेली असतात. कुत्रा नेलाच, तर रात्री त्याला दार असलेल्या बंदिस्त जागेत ठेवावे. तशी जागा नसेल तर नेऊ नये.

पिल्लू कसे निवडायचे ते थोडक्यात. आईला पाहिल्याशिवाय घेऊ नका. आई अनोळखी माणसाला पाहून आधी भुंकली आणि धन्याने सांगितल्यावर गप्प बसली, तर घर चांगले. कोपऱ्यात दडली किंवा अंगावर धावली, तर पिल्लांतही तो स्वभाव उतरण्याचा संभव असतो. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकणे २०१७ च्या नियमांप्रमाणे मना आहे, आणि जातिवंत पिल्ले विकणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. लवकर तोडलेले पिल्लू भावंडांत चावण्याची मर्यादा शिकत नाही, आणि मग ते तुमच्या मुलांवर शिकते. पिल्लांच्या घोळक्यापाशी बसा, किल्ल्यांचा जुडगा जमिनीवर टाका. दचकून मागे जाऊन पुन्हा हुंगायला येणारे पिल्लू घ्यावे. पहिल्यांदा धावून येणारे आणि शेवटपर्यंत न येणारे, दोन्ही सोडावीत. मग एक कोंबडी लांबवर सोडून पाहा. पिल्लू पाहील, हुंगेल, खेळायला जाईल. पण अंग आखडून, टक लावून, दबा धरून बसले, तर ते जातिवंत शिकारी आहे आणि खुराडे असलेल्या घराने त्याला लांबूनच रामराम करावा. या परीक्षा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, पण नुसते डोळे पाहण्यापेक्षा बऱ्या.

घरी आणल्यावर पहिला आठवडा संपायच्या आत तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. जंताचे औषध आणि इतर लशी डॉक्टर सांगतील त्या क्रमाने द्याव्यात. पिसाळण्याविरुद्धची लस तीन महिन्यांचे झाल्यावर, आणि पुढे दर वर्षी. अवघड दुखणे असेल तर उदगीर आणि परभणीची पशुवैद्यक महाविद्यालये आपल्याला जवळ आहेत. लशीचे कार्ड रेशनकार्डाजवळ ठेवावे, म्हणजे सापडते.

आणि कुत्रा घरचा असो की दारचा, लस दिलेला असो की नसो, मुलाला चावला किंवा ओरखडले तर जखम आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून पंधरा. हळद, चुना, मिरची, तेल काही लावू नये. बांधू नये. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. पोटातल्या चौदा सुयांची भीती अजून म्हाताऱ्या माणसांच्या मनात आहे, पण त्या केव्हाच गेल्या. आता सुया दंडात असतात, चार-पाच वेळा ठरलेल्या तारखांना, आणि सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत. जखमेतून रक्त आले असेल तर जखमेभोवती टोचायचे एक वेगळे औषध असते. ते आठवणीने विचारावे. हा रोग एकदा अंगात भिनला की त्यावर उपाय नाही, म्हणून एकही तारीख चुकवू नये, मग मधे यात्रा असो की तोडीची गाडी निघायची असो. मुले आईबापांबरोबर तोडीला गेली असतील, तर उरलेल्या सुया तिथल्या सरकारी दवाखान्यात मिळतात. इथला कागद मात्र बरोबर न्यावा.